तिसरं पाकीट

१९ जानेवारी

दिवाळीत भोसरीच्या बेअरिंगवाल्याने ही डायरी दिली तेव्हा आईला म्हणालो होतो, एक तारखेपासून रोज लिहिणार. आज एकोणीस. एक तारखेला पेन सापडलं नाही, दोन तारखेला पेन सापडलं तर डायरी सापडेना. त्यानंतर मी सरळ टाळलं. रोज बॅगेत घालून चाकणला नेली आणि रोज तशीच परत आणली.

पहिल्या पानावर नाव-गाव लिहायची जागा आहे, तिथे लिहिलंय: बुद्धरत्न, संत तुकाराम नगर, पिंपरी. ‘व्यवसाय’च्या पुढे काही सुचलं नाही. ताथवड्याचं डिप्लोमा कॉलेज अर्ध्यात सोडलं. मग कसोलला एका कॅफेत भांडी घासली, गोकर्णला तंबू ठोकले, परत येऊन बाइकवरून लोकांची जेवणं पोचवली. आई म्हणते, तुला पाय नाहीत, चाकं आहेत. आता ही चाकं स्वरूपा मॅडमच्या कामाला लागलीत. म्हाळुंग्याच्या बाजूला त्यांची पत्र्याची शेड आहे. त्यात एक थंड खोली, एक यंत्र, आम्ही दोघं, चहा-सफाईला सुमनताई आणि गेटवर कोंडाजी.

काम असं. ज्या कारखान्यांत किरणं वापरतात तिथली माणसं छातीवर एक बॅज लावतात. मी फिरून ते बॅज गोळा करतो आणि मॅडम यंत्रावर वाचून सांगतात, कुणाच्या अंगाला किती किरणं लागली. मागच्या वर्षीपासून एक मोठं काम मिळालंय. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात जी माणसं राहतात त्यांचंही असंच मोजायचं. हिशेब तोच, फक्त माणसं वर.

आज ती पाकिटं परत आली. काडेपेटीएवढी. वरच्या पाच जणांची पाच, आणि यानाच्या भिंतींना ठिकठिकाणी लावलेली चार. आत साबुदाण्याएवढ्या चकत्या. मी पेटी हातात घेतली तेव्हा वाटलं, काहीतरी वेगळं वाटेल. वजन होतं फोमचं. विमानतळावरून ती घेऊन येताना तळेगाव चौकात नेहमीचा जॅम लागला होता, माझ्या शेजारी कांद्याचा ट्रक. माझ्या बॅगेत जे होतं ते परवापर्यंत दिवसाला कित्येकदा पृथ्वीला चक्कर मारत होतं आणि आता कांद्याच्या मागे उभं होतं. मला हसू आलं, पण दमणुकीने ते ओठांपर्यंत आलं नाही.

२१ जानेवारी

आज वाचायला घेतलं.

चकती यंत्रात ठेवायची आणि तापवायची. किरणं तिच्यात अडकून बसलेली असतात, ती तापल्यावर उजेड होऊन बाहेर येतात. डोळ्याला दिसत नाही, यंत्राला दिसतं. पडद्यावर एक उंचवटा उमटतो, टेकडीसारखा. जितकी टेकडी मोठी तितकी किरणं जास्त. आणि एकदा तापवली की चकती कोरी होते, पुन्हा विचारता येत नाही. म्हणून मॅडम प्रत्येक पाकिटातल्या अर्ध्याच चकत्या आधी वाचतात आणि अर्ध्या ठेवतात. त्या म्हणतात, साक्षीदार एकदाच बोलणार असेल तर सगळ्यांना एकाच दिवशी उभं करू नये.

चिमटा माझ्या हातात. हात हलत नाहीत हा माझा एकच गुण. पहिलं पाकीट झालं, दुसरं झालं. तिसऱ्याची पहिली चकती ठेवली आणि मॅडम पुढे वाकल्या. दुसरी ठेवली. मॅडमनी चष्मा काढला.

“चौथं आणि पाचवं घे,” म्हणाल्या.

ती पहिल्या दोनांसारखीच निघाली. तिसरं मात्र त्यांच्या दीडपटीच्याही वर.

मी म्हटलं, “मॅडम, एकाच यानात राहून एकाला जास्त कसं?”

“त्याचंच उत्तर लोक आपल्याला मागणार आहेत, बुद्धरत्न.”

बेंगळुरूहून रंगराव साहेबांचा फोन आला. काम ज्यांनी दिलं त्यांच्याकडचे हे साहेब. मॅडमनी स्पीकर लावला होता, कारण त्या एकीकडे तक्ता भरत होत्या. त्यामुळे मलाही ऐकू आलं. आम्हाला वरच्या माणसांची नावं सांगत नाहीत, फक्त आकडे. नाव माहीत नसलं की हात सरळ राहतो, असं असेल. पण तिसऱ्याचा आकडा ऐकून साहेबांनी एवढं सांगितलं की हा तीन नंबर आधीही एकदा वर जाऊन आलेला आहे. त्या वेळची किरणं आणि या वेळची मिळून आयुष्यभराची जी मर्यादा असते ती ओलांडली तर तो पुन्हा कधीच वर जाणार नाही. आणि पुढच्या उड्डाणाला त्याचंच नाव पहिलं आहे.

“पुन्हा एकदा नीट बघा,” रंगराव साहेब म्हणाले. “घाईत सांगू नका.”

मॅडम म्हणाल्या, “घाईत मी काहीच सांगत नाही, साहेब.”

पुन्हा कधीच नाही. मी परत येताना तोच विचार करत होतो आणि नाशिक फाट्याचं वळण चुकलो. मला कुणी म्हटलं असतं की तू पुन्हा कधीच हिमाचलला जायचं नाहीस, तर मी काय केलं असतं? बहुतेक दुसऱ्या दिवशीच निघालो असतो. त्याला तसं निघता येत नाही.

२२ जानेवारी

सकाळी मॅडम माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. पडद्यावर तिसऱ्या पाकिटाच्या टेकड्या.

“हे बघ,” म्हणाल्या. “टेकडी उतरते ना, तिथे शेवटी एक शेपूट आहे. बाकीच्यांना नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे चकतीवर काहीतरी आहे. तेल, धूळ, काहीही. ते तापलं की जळतं, आणि जळण्याचा उजेडही यंत्र आकड्यात धरतं.”

मला लगेच आठवलं. त्यांनाही आठवलं असणार, नाहीतर त्या दाराकडे बघत बसल्या नसत्या. खंडेनवमी. ऑक्टोबरात पाकिटं बंद करायच्या आदल्या दिवशी. आपल्याकडे त्या दिवशी लेथ असो, स्क्रू ड्रायव्हर असो, रिक्षा असो, सगळ्याला हळदकुंकू आणि फूल लागतं. आमच्या घरी हे नसतं, आई त्या दिवसांत देहूरोडच्या विहारात जाते. म्हणून मी बाजूला उभा राहून फोटो काढत होतो. यंत्रापुढे पाच उघड्या ताटल्या, प्रत्येकीत एकेकाच्या चकत्या. सुमनताईंनी यंत्राला बोटं लावली, मग ताटल्यांकडे वळल्या. मॅडम “अहो, थांबा!” म्हणेपर्यंत मधल्या ताटलीवर चिमूट पडली होती. मधली म्हणजे तीन.

सगळे हसलो. मॅडमनी ब्रशने झटकलं, भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, गेलं.

“मॅडम, हळद,” मी म्हटलं.

“हं.”

“मग झालंच की! हळदीचा उजेड आहे तो. तीन नंबर सुटला.”

“सुटला,” त्या म्हणाल्या. “फक्त ते मला कुणालातरी सांगावं लागेल.”

त्यात काय अवघड, असं मला वाटलं. दुपारभर त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

२४ जानेवारी

बॅज गोळा करायचा दिवस. तळवडे, मग चाकण फेज दोन, मग कुरुळीकडे. मध्ये एका कंपनीच्या मागे पांढऱ्या बगळ्यांची रांग दिसली म्हणून थांबलो. सांडपाण्याच्या कडेला सगळे एका पायावर. बराच वेळ बघत बसलो. मग आठवलं, रियाज वाट बघतोय.

रियाज पिंपरीचाच, आमच्या मागच्या गल्लीतला. शाळेत माझ्या पुढे दोन वर्षं. त्याच्या वडिलांचं गॅरेज, पण तो पाइपांच्या जोडांचे फोटो काढायच्या कामाला लागला. वेल्डिंग आतून नीट झालंय की नाही हे किरणांनी बघायचं. किरणांचा एक जड डबा असतो, त्याला हे लोक कॅमेरा म्हणतात. त्याचा ठेकेदार तीन कंपन्यांना माणसं पुरवतो.

त्यांच्या खोलीत भिंतीला खिळे आहेत. खिळ्यांना बॅज. माणसं मात्र आत पाइपांजवळ. मी पहिल्यांदा आलो होतो तेव्हा विचारलं होतं, हे विसरलेत का घालायला? सगळे हसले होते. आज मी विचारलं नाही, पण रियाजला तीन नंबरची गोष्ट सांगितली. नाव मला माहीतच नाही, त्यामुळे गुपित फोडलं असं म्हणता येणार नाही.

“च्यायला,” रियाज म्हणाला, “वर जाऊन पण हेच लफडं? आणि ते लोक बॅज अंगावर घालून फिरतात?”

“घालायचाच असतो, राव.”

“भावा, घालायचा आम्हाला पण असतो. आकडा वाढला तर घरी बसवतात, ओव्हरटाइम बंद. मग कोण घालतो? आमच्याकडे किरणं लागतात ती खिळ्याला.”

बाकीचे खो खो हसले. एक जण म्हणाला, “खिळा लवकरच आजारी पडणार बघ.”

रियाजने बिस्किटाचा पुडा दाताने फोडला. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट लाल झालंय, चकचकीत, वरची कातडी सोललेली. मी विचारलं तर म्हणाला, फिल्म धुवायच्या केमिकलची ॲलर्जी. माझ्या आईने त्याला खोबरेल लावायला सांगितलंय, उपयोग नाही. वजनही उतरलंय त्याचं, पण बारीक चांगला दिसतो.

मॅडमच्या तक्त्यात रियाजचा आकडा सगळ्या चाकणमध्ये सर्वात स्वच्छ असतो. नशीबवान माणूस.

२७ जानेवारी

मॅडमनी सांगितलं. आज सकाळी, फोन स्पीकरवर आणि दार उघडं ठेवून. सुमनताई बाहेर कप विसळत होत्या.

“साहेब, ताटलीवर हळद पडली होती. पूजेची. माझ्या देखरेखीखाली. मी साफ केली पण धुतली नाही. उरलेल्या चकत्या स्पिरिटने धुऊन वाचायची परवानगी द्या, खरा आकडा निघेल.”

 मग रंगराव साहेब म्हणाले, “तुम्हाला कळतंय ना, मॅडम, हे लेखी द्यावं लागेल ते?”

“कळतंय.”

“पुढच्या उड्डाणाची पाकिटं तूर्त तुमच्याकडे राहणार नाहीत.”

“चालेल.”

“चालेल” म्हणताना त्या खिडकीबाहेर एक जण टेम्पो मागे घेत होता त्याकडे बघत होत्या, जणू तो नीट लागतोय की नाही हेच महत्त्वाचं आहे. या एका कामासाठी त्यांनी शेड घेतली होती, हे मला कोंडाजींनी मागे सांगितलंय. मी म्हटलं, “मॅडम, न सांगता धुतलं असतं तर?”

“तर पुढच्या वेळी माझा कुठलाच आकडा मला खरा वाटला नसता.”

परवानगी मिळाली. पण सुमनताईंना ऐकू गेलं होतं. दुपारी चहा आणला, ठेवला आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

“माझ्यामुळं झालं का ओ, मॅडम? मी आपलं त्या लेकरांचं भलं व्हावं म्हणून लावलं. एवढ्या उंच जायचं, तर मोकळं कसं पाठवायचं?”

मॅडम म्हणाल्या, “बसा, सुमनताई. तुमचं काही चुकलं नाही. ताटल्या उघड्या ठेवल्या मी.”

“मग मधल्याला काही झालंय का?”

“तेच बघतोय.”

सुमनताई बसल्या नाहीत. घरी जाताना मला गेटपाशी गाठून हळूच म्हणाल्या, “रत्ना, त्याला सांग, हळद चांगली होती, घरची दळलेली.”

२९ जानेवारी

धुतल्या. सुकवल्या. भिंगाखाली एकेक फिरवून पाहिली. मॅडमनी पाहिली, मग मला पाहायला लावली, मग पुन्हा स्वतः.

यंत्रात ठेवल्या.

शेपूट गेलं. टेकडी तशीच.

केसभर कमी, बस. तीन नंबरने खरोखरच बाकीच्यांच्या दीडपट किरणं घेतली होती. हळद कुठेतरी कोपऱ्यात होती आणि आम्ही तिच्यावर सगळं ढकलून बसलो होतो.

मॅडमनी यंत्र बंद केलं. पंखाही बंद केला. म्हणाल्या, “तू जा घरी.” दिवस निम्माही झाला नव्हता. मी गेलो नाही. बाहेर कोंडाजींबरोबर बाकड्यावर बसलो. ते शिरूर-मावळ असं कुठलं कुठलं बोलत होते, त्यांच्या जमिनीतून आता रिंग रोड जाणार आहे वगैरे. मी हं हं केलं. माझ्या मनात एवढंच की ज्याच्यासाठी मॅडमनी स्वतःचं काम घालवलं, त्याचं त्यातून काहीच भलं झालं नाही.

१ फेब्रुवारी

आज भिंतीची चार पाकिटं वाचली. ती राहिलीच होती.

यानाच्या भिंती सगळीकडे सारख्या जाड नसतात, हे मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. एका बाजूला पाण्याच्या पिशव्या आणि खाण्याचं सामान रचलेलं असतं. त्याआड झोपलं तर किरणं अडतात. दुसऱ्या बाजूला खिडकी, तिथे आडोसा पातळ. पाण्याजवळच्या पाकिटाचा आकडा सगळ्यात कमी. खिडकीजवळच्याचा सगळ्यात जास्त, आणि तो जवळजवळ तीन नंबरच्या आकड्याएवढाच.

मॅडम कितीतरी वेळ दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघत होत्या.

“म्हणजे तो सारखा खिडकीपाशी बसायचा,” मी म्हटलं. मला लगेच पटलं. मी असतो तर दुसरं काय केलं असतं? झोपायचीसुद्धा जागा तिथेच मागितली असती. खाली समुद्र, मग वाळवंट, मग रात्रीची गावं, आणि मी पाण्याच्या पिशव्यांआड तोंड करून झोपू?

“किंवा,” मॅडम म्हणाल्या, “पाकीट खिडकीपाशी टांगलेलं होतं आणि माणूस दुसरीकडे.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

“आपण बॅज मोजतो, बुद्धरत्न. माणूस नाही मोजत. बॅज कुठे होता एवढंच त्या चकतीला माहीत.”

मग त्या रंगराव साहेबांशी बोलल्या. ठरलं ते असं: तीन नंबरला साहेबांमार्फत एक प्रश्न पाठवायचा, उत्तर त्यांना किंवा थेट आमच्याकडे दिलं तरी चालेल. पाकीट पूर्ण काळ अंगावर होतं की कुठे टांगून ठेवलं होतं? टांगलं होतं असं उत्तर आलं तर तो आकडा माणसाचा धरायचा नाही, बाकी चौघांच्या सरासरीवर चालायचं. तीन नंबर मर्यादेच्या आत राहतो, पुन्हा वर जातो. अंगावर होतं असं आलं, तर संपलं.

साहेब स्वतःच म्हणाले, “वर बरेच जण टांगून ठेवतात. अडचण होते कामात.” त्यांच्या आवाजातही आशा होती. हा माणूस सगळ्यांना हवा आहे असं दिसतं.

३ फेब्रुवारी

उत्तर नाही. चिखलीत एका गिऱ्हाइकाचे बॅज राहिले होते ते आणले. येताना मोशीच्या पुढे कुणीतरी पतंग उडवत होतं, फेब्रुवारीत. थांबलो. कटला.

६ फेब्रुवारी

उत्तर नाही. रंगराव साहेबांचा फोन येतो, मॅडम “नाही अजून” म्हणतात, फोन ठेवतात. आता तर कोण कुणाला विचारतंय तेही कळत नाही.

संध्याकाळी रियाजच्या गॅरेजवर गेलो होतो. गॅरेज त्याच्या अब्बांचं, पण संध्याकाळी आम्ही तिथेच असतो. त्याला सगळं सांगितलं.

“एवढंच?” रियाज म्हणाला. “मग अडलंय काय? म्हणायचं ना, खुंटीला होता. एक ओळ. आम्ही पोटासाठी रोज म्हणतो, त्याला तर आभाळ मिळणार आहे.”

“पण खरंच अंगावर असेल तर?”

“भावा, खरं काय ते चकतीला माहीत, आणि ती तर पुसली गेली म्हणतोस. त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे एवढंच. प्रश्न विचारणारे हुशार लोक असतात, पण उत्तर काय द्यायचं हे नाही सांगत कुणी.”

चहाचा ग्लास त्याने उजव्या हातात धरला होता. डाव्या हाताला पट्टी. म्हणाला, आता ठणकतं, झोप येत नाही.

मला त्याचं पटलं. घरी आईला विचारलं, एका माणसाच्या भल्यासाठी त्याने थोडं खोटं बोललं तर? आईने मेथी निवडता निवडता माझ्याकडे न बघता विचारलं, “भलं त्याचं का तुझं?” हिला काय सांगणार. मी म्हटलं, मी मार्चमध्ये स्पितीला जाईन म्हणतोय. ती म्हणाली, “जा.”  पूर्वी “जा” म्हणाली की मी त्याच दिवशी बॅग भरायचो. आज तीन नंबरचं उत्तर येईपर्यंत थांबावं असं वाटलं.

९ फेब्रुवारी

मॅडमचं आज मला काही कळलंच नाही.

चहा घेताना सहज बोललो, रियाजच्या बोटांची ॲलर्जी वाढली, पट्टी बांधलीय. मॅडमनी कप खाली ठेवला.

“कुठली बोटं?”

“डावा अंगठा आणि शेजारचं.”

“किती दिवस?”

“दिवाळीनंतर कधीतरी. केमिकलचं आहे ते.”

“त्याचा बॅज गेल्या वेळी किती होता?”

“शून्यच. त्याचा नेहमीच—”

त्या उठल्या. इतक्या चिडलेल्या मी त्यांना रंगराव साहेबांवरही पाहिलं नाही. “तू तीन महिने ती बोटं बघतोयस,” म्हणाल्या, आणि मला काही बोलू न देता फोन लावायला बाहेर गेल्या. कुठल्यातरी डॉक्टरांशी बोलल्या, मग ठेकेदाराशी, त्याच्याशी तर ओरडूनच. मग मला म्हणाल्या, रियाजला आत्ता उचल आणि या पत्त्यावर ने, कामावर असेल तर कामावरून. “आणि त्या खोलीतले सगळे खिळे उपटून आण.”

रियाजला बाइकवर मागे बसवून नेलं. तो वाटेत म्हणत होता, “तुझी मॅडम येडी आहे का?” मी म्हटलं, दमलीय बिचारी, तीन नंबरमुळे. डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं. रियाज बाहेर आला आणि बाइकवर मागे बसला.  पिंपरीत उतरताना म्हणाला, “आता कामावर नाही जायचं म्हणतात.”

खिळे काढायला गेलो तर तिथल्यांनी काढू दिले नाहीत.

१० फेब्रुवारी

दुपारचं जेवण झालंय. मॅडम टेबलावर डोकं ठेवून झोपल्यात. काल रियाजच्या घरी गेल्या होत्या म्हणे, त्याच्या अम्मीशी बोलायला. मला आता थोडं थोडं समजतंय पण मी ते लिहीत नाही, लिहिलं की खरं होईल. त्याचा स्वच्छ आकडा मीच दर वेळी तक्त्यात लिहीत आलोय. चांगल्या अक्षरात.

रंगराव साहेबांचा सकाळी फोन होता. आज संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर आकडा आहे तसा कायम. तीन नंबर रजेवर गेलाय, फोन उचलत नाही.

मला अजूनही वाटतं, कुणीतरी त्याला ती ओळ सांगायला हवी. खिडकीला टांगलं होतं. एवढंच. कालपासून मी ती मनात घोळवतोय. हिंदीत, इंग्रजीत, सगळ्या भाषांत बसवून पाहिली. त्याचा नंबर मिळाला तर मी स्वतः फोन करेन, नाव न सांगता. मॅडमना कळणार नाही. पण रियाजचं उतरलेलं तोंड आठवलं की ती ओळ नीट जुळत नाही, हेही खरं. तोही बिचारा आभाळाच्याच

कोंडाजींचा गेटवरून फोन आला म्हणून वाक्य राहिलं. ते जसं बोलले तसं लिहितो आणि मॅडमना उठवतो:

“रत्नभाऊ, येक बाई आल्यात रिक्षातनं. एकल्याच हायत. नाव न्हाई सांगत. हिंदीत म्हनत्यात, पाकीट नंबर तीन आलंय म्हनून मॅडमला कळवा. म्या म्हनलं, पार्सल हाय का? तर हसल्या. मंग म्हनल्या, टांगलं नव्हतं, शेवटपतुर अंगावरच व्हतं, त्येवढं आधी सांगा, आन् आकडा किती आला त्यो मला तोंडानं सांगतील का इचारा. काय करू, आत सोडू का?”